एरीच्या तळातले रहिवासी

जून महिन्याच्या अखेरीस एरी सरोवराच्या दक्षिण काठावरील गावांमध्ये एक वेगळीच शिस्त पाळली जाते. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील पोर्ट क्लिंटनसारख्या, पर्यटकांवर जगणाऱ्या गावात ऐन हंगामात बंदरालगतचे दिवे काही रात्री मालवले जातात किंवा मंद केले जातात, घरमालक अंगणातला दिवा लावायचे टाळतात, आणि सकाळी दुकान उघडण्याआधी दुकानदार झाडू नाहीतर फावडे हाती घेतात. त्या दिवसांत सरोवरातून मेफ्लाय नावाचे कीटक बाहेर पडतात आणि दिव्यांच्या ओढीने गावावर उतरतात. बोटाच्या दोन पेरांएवढे लांब शरीर, पाठीवर शिडासारखे उभे धरलेले पंख आणि मागे दोन लांब, केसासारखे तंतू असा हा कीटक कुणाला चावत नाही, कारण प्रौढावस्थेत त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. तरीही तो इतक्या संख्येने येतो की भिंती दिसेनाशा होतात, पुलांवर मोटारींची चाके घसरतात आणि सकाळच्या उन्हात मेलेल्या कीटकांच्या ढिगांना कुजलेल्या माशांसारखा वास सुटतो.

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे पहिला वळीव पडून गेला की संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती गर्दी करत, मग आई घरातले दिवे घालवून अंगणात एकच बल्ब ठेवी आणि त्याखाली पाण्याची परात मांडी. टोलेडो शहराजवळ राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात सरोवराकाठी जे पाहिले, त्याला समजून घ्यायला माझ्याजवळ एवढीच एक आठवण होती, आणि ती अगदीच तोकडी पडली. परातीने भागण्यासारखा हा मामला नव्हता. हवामान खात्याच्या रडारवर पावसाच्या ढगासारखा दिसणारा हा थवा पाण्यावरून उठून काठाकडे सरकताना संगणकाच्या पडद्यावर पाहता येतो, आणि स्थानिक वाहिन्यांवर पावसाचा अंदाज सांगणारा निवेदक त्याच सुरात त्या थव्याचीही वर्दी देतो.

आमच्या शेजारी राहणाऱ्या आजीबाई ऐंशी पार केलेल्या आहेत. त्यांचे बालपण सरोवराकाठच्याच एका गावात गेले. त्यांना हे किडे म्हणजे लहानपणीच्या उन्हाळ्याचा भाग वाटतात. ओहायोच्या बाजूला या कीटकांना पूर्वी ‘कॅनेडियन सोल्जर’ म्हणत, म्हणजे त्रास शेजारच्या देशातून येतो, असे गृहीतच धरलेले. आजीबाईंची लेक मात्र साठीची आहे, आणि तिचे संपूर्ण बालपण, शाळा, लग्न, मुले हे सगळे एकही मेफ्लाय न पाहता पार पडले. तिने हा कीटक पहिल्यांदा पाहिला तो तीस-पस्तिशीत, आणि तिला ती एखादी साथ वाटली. एकाच स्वयंपाकघरात बसलेल्या या दोघींच्या आठवणींमध्ये जी फट आहे, ती जवळजवळ चाळीस वर्षांची आहे. ती फट कशी पडली आणि कशी बुजली, हे मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आणि विचारत आले आहे.

एरी हे उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ. त्यातही त्याचा पश्चिम भाग, जिथे उत्तरेकडून डेट्रॉइट नदी आणि नैर्ऋत्येकडून मॉमी नदी येऊन मिळते, तो सरासरी सात-साडेसात मीटरच खोल आहे. तळाशी मऊ चिखल आहे, आणि मेफ्लायच्या आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ या चिखलात जातो. इथे आढळणाऱ्या हेक्सॅजेनिया या प्रजातीचे पिल्लू चिखलात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे बीळ खणते, बिळात बसून पोटाच्या दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले सतत लाटेसारखे हलवत राहते आणि त्या हालचालीने वरचे पाणी बिळातून खेळवते. त्या पाण्यातला प्राणवायू त्याला मिळतो, आणि ओघाने तळाच्या चिखलालाही मिळतो. चिखल गिळायचा, त्यातले सेंद्रिय कण पचवायचे आणि वाढता वाढता पुन्हा पुन्हा कात टाकायची, असे एक-दोन वर्षे चालते. मग जून-जुलैतल्या एखाद्या उबदार संध्याकाळी ते पोहत पृष्ठभागावर येते, पाठीची त्वचा उकलते आणि काही क्षणांत त्यातून मळकट पंखांचा कीटक उडतो. हा अजून पुरता प्रौढ नसतो. तो झाडावर किंवा भिंतीवर रात्र काढतो, दुसऱ्या दिवशी पंखांसकट आणखी एकदा कात टाकतो, आणि मग काचेसारख्या पारदर्शक पंखांनी संध्याकाळच्या थव्यात सामील होतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारे कीटक मेफ्लायच्या गणाबाहेर सापडत नाहीत. मिलनानंतर मादी पाण्यावर हजारो अंडी सोडते, ती तळाशी बसतात, आणि सगळे प्रौढ एक-दोन दिवसांत मरतात.

म्हणजे लोक ज्याला मेफ्लायचा हंगाम म्हणतात, ते त्याच्या आयुष्यातले केवळ शेवटचे प्रकरण असते. बाकीचे आयुष्य असे घडते की त्यात पळून जाण्याला वावच नाही. मासा पाणी बिघडले की दुसरीकडे जाऊ शकतो. बिळातले पिल्लू जाऊ शकत नाही. त्याच्या अंगाशी असलेले पाणी वर्ष-दोन वर्षांत एकदा जरी, अगदी काही दिवसांपुरते, प्राणवायूविना राहिले, तरी सगळे संपते. पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासला तर त्या दिवसाची स्थिती कळते. जिवंत पिल्लू सापडले तर मागच्या सगळ्या दिवसांची हमी मिळते. म्हणूनच सरोवराच्या प्रकृतीची चौकशी करणारे शास्त्रज्ञ होडीतून लोखंडी जबडा खाली सोडतात, तळाचा चिखल वर घेतात, चाळणीवर धुतात आणि पिल्ले मोजतात.

अशी मोजणी एरीतल्याच, पुट-इन-बे गावाजवळच्या जिब्राल्टर बेटावर, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टोन प्रयोगशाळेत, फार पूर्वीपासून होत आली आहे. तिथले एन. विल्सन ब्रिट हे कीटकशास्त्रज्ञ १९५३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी पश्चिम भागातून नमुने घेत होते. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस कडक ऊन पडले आणि वारा पडून राहिला. एवढ्या उथळ पाण्यात एरवी वारा वरपासून तळापर्यंत सगळे ढवळून काढतो, आणि त्या ढवळण्यामुळेच तळाशी प्राणवायू पोहोचतो. वारा थांबला तेव्हा तापलेले, हलके पाणी वर राहिले आणि थोडे थंड, जड पाणी खाली अडकले. तळाच्या चिखलात शहरांच्या सांडपाण्यातून आणि मेलेल्या शेवाळातून साठलेला सेंद्रिय मैला होता, तो कुजता कुजता खालच्या थरातला प्राणवायू थोड्याच दिवसांत खाऊन बसला. सप्टेंबरमध्ये ब्रिट यांच्या चाळणीवर मेलेली, कुजू लागलेली पिल्ले येऊ लागली. एका चौरस मीटरमध्ये शेकड्यांनी मोजावी लागणारी पिल्ले महिनाभरात काही डझनांवर आली. १९५५ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि एरीच्या इतिहासात ते आजही आधाराला घेतले जाते.

या घटनेबद्दल लिहिताना ‘१९५३ मध्ये मेफ्लाय नष्ट झाले’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी नव्या पिल्लांची मोठी पिढी चिखलात दिसली होती. पण वाऱ्याविना जाणारा आठवडा पुढच्या उन्हाळ्यांतही येत राहिला, चिखलाची भूक दरवर्षी वाढत राहिली, आणि प्रत्येक पडझडीनंतर उभे राहण्याची ताकद कमी कमी होत गेली. तळाचे एक सर्वेक्षण १९३० मध्ये झालेले होते, ते १९६१ मध्ये पुन्हा करण्यात आले तेव्हा हेक्सॅजेनियाची संख्या पूर्वीच्या एक टक्क्याच्याही खाली गेलेली होती. मला यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते की या आठ-दहा वर्षांत काठावर कुणी विशेष हळहळले नाही. रस्ते झाडावे लागत नव्हते, वास येत नव्हता, दिवे मालवावे लागत नव्हते. लोकांना सुटल्यासारखे वाटले असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. शेजारच्या आजीबाईंना विचारले, की हे किडे येईनासे झाले ते तुमच्या कधी लक्षात आले? त्या बराच वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘लक्षात यायला काहीतरी व्हावे लागते ना. इथे काही होतच नव्हते.’’

तळ मात्र रिकामा झाला नव्हता. त्याच १९६१ च्या सर्वेक्षणात चिखलातल्या गांडूळवर्गीय लाल किड्यांची संख्या १९३० च्या सुमारे नऊपट भरली होती. पुण्या-मुंबईत ज्यांनी कधी घरी मासे पाळले असतील, त्यांना अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारे ट्युबिफेक्सचे वळवळते लाल गोळे ठाऊक असतील, हे त्यांचेच भाऊबंद. यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, त्यामुळे अत्यल्प प्राणवायूवरही ते तग धरतात आणि मैला तर त्यांचे अन्नच. तेव्हा १९६० च्या दशकात वर्तमानपत्रांनी एरी सरोवर ‘मेले’ असे जाहीर केले, ते विधान परिणामकारक होते, पण नेमके नव्हते. सरोवरात सजीवांचा तोटा नव्हता, उलट शेवाळ आणि कृमी यांची चंगळ होती. राहणारे बदलले होते. या फरकाला मी महत्त्व देते, कारण मेलेल्या गोष्टीबाबत काही करता येत नाही, आणि राहणारे बदलले असतील तर ते का बदलले, याचा शोध घेता येतो.

तो शोध ज्या काळात लागला, तो काळ आता सुदैवाने सर्वांना आठवतो तो एका आगीमुळे. २२ जून १९६९ रोजी क्लीव्हलँड शहरातून एरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला. अशा आगी त्या नदीला आधीही लागल्या होत्या, आणि ही तर अर्ध्या तासात विझली. परंतु या वेळी देशाचे लक्ष गेले. आगीचे चित्र डोळ्यांना दिसणारे होते, म्हणून पर्यावरणाच्या इतिहासात तिला जागा मिळाली. चिखलात गुदमरलेल्या पिल्लांचे असे कुठले चित्र काढता येणार होते?

खरा प्रश्न होता फॉस्फरसचा, म्हणजे आपले शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात त्याचा. कपडे धुण्याच्या पावडरीत त्या काळी फॉस्फेट मुबलक असे, ते डेट्रॉइट, टोलेडो, क्लीव्हलँड यांच्या सांडपाण्यातून सरोवरात जाई, त्यावर शेवाळ पोसले जाई, शेवाळ मेले की तळाशी बसे आणि कुजताना प्राणवायू खाई. साबण उद्योगाचे म्हणणे होते की दोष कार्बनचा किंवा नायट्रोजनचा असू शकतो. कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या वायव्येला १९६८ पासून काही लहान सरोवरे केवळ प्रयोगासाठी राखून ठेवण्यात आली होती. तिथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये डमरूच्या आकाराच्या एका सरोवराच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा ताणला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, एका बाजूला त्याशिवाय फॉस्फरसही घातला. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली, आणि विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्राने वादाचा निकाल लावला. मला विज्ञानातले हे छायाचित्र फार आवडते. त्यात समजावून सांगण्याची गरज नाही, पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे बघायचे.

त्याआधीच, एप्रिल १९७२ मध्ये, अमेरिका आणि कॅनडा यांनी महासरोवरांच्या पाण्याच्या दर्जाबाबतचा करार केला होता, आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर प्रचंड खर्च करण्यात आला, धुण्याच्या पावडरीतून फॉस्फेट टप्प्याटप्प्याने काढण्यात आले. एरीत वर्षाला जास्तीत जास्त ११,००० टन फॉस्फरस जावा, असे उद्दिष्ट १९७८ मध्ये ठरले, आणि १९८० च्या दशकात ते काही वर्षी साधलेही. पाण्यातल्या बदलाची खूण आधी शेवाळात आणि नंतर माशांत दिसू लागली. वॉलआय या माशाची मासेमारी १९७० मध्ये पाऱ्याच्या भीतीने बंद करावी लागली होती, तिने पुन्हा जोम धरला.

मेफ्लाय मात्र आले नाहीत. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, उद्दिष्ट हाताशी आल्यावरही जवळपास दशकभर आले नाहीत. चिखलात साचलेला जुना मैला नवा प्रवाह थांबल्याबरोबर निवळत नाही, तो हळूहळू पचत जावा लागतो, किंवा त्यावर स्वच्छ गाळाचा थर बसावा लागतो. शिवाय परत येणार कुठून? एरीच्या उत्तरेला डेट्रॉइट नदीपलीकडे सेंट क्लेअर हे लहान सरोवर आहे, तिथली मेफ्लायची वस्ती कधीच पूर्ण उठली नव्हती. तिथल्या न्यू बॉल्टिमोर गावात तर या कीटकाच्या नावाने दरवर्षी जत्रा भरते. बहुधा तिथून, आणि नद्यांच्या मुखांशी शिल्लक राहिलेल्या मूठभर वस्त्यांतून, पुन्हा सुरुवात झाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम भागात थोडे थोडे प्रौढ कीटक दिसू लागले. ओहायोतल्या टिफिन गावातील हायडलबर्ग महाविद्यालयातले केनेथ क्रीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिखल चाळून पिल्ले शोधली आणि ही वस्ती परतत असल्याचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर काठावरच्या गावांना निबंधाची गरज उरली नव्हती. किडे दारात आले होते.

आणि इथे एक प्रकार घडला, जो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मानवी वाटतो. शास्त्रज्ञ आनंदाने मोजण्या करत होते आणि गावकरी त्याच कीटकांविरुद्ध फवारणी करता येईल का, असे विचारत होते. आजीबाईंची लेक तेव्हा एका किनाऱ्यावरच्या खाणावळीत काम करी, ती सांगते की पहिल्या वर्षी त्यांनी नेहमीसारखा पाटीवर प्रखर दिवा लावून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दार उघडेना. दिवे घालवायचे, पडदे ओढायचे, धुलाई बाहेर वाळत घालायची नाही, सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने न धुता कोरडेच झाडायचे, कारण ओले झाले की चिकटतात, ही सगळी जाण चाळीस वर्षांत पुसली गेली होती. जुन्या माणसांकडून ती पुन्हा शिकावी लागली. सरोवराने आपला रहिवासी परत मिळवला, पण त्याच्यासोबत कसे राहायचे, हे माणसांना परत मिळवावे लागले, आणि यासाठी कुठल्याही करारात तरतूद नव्हती.

परतीचे श्रेय कुणाचे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. सांडपाण्यावरचा खर्च हे मुख्य कारण, यात मला शंका वाटत नाही. पण काळ जुळतो तो आणखी एका आगंतुकाशी. काळ्या समुद्राच्या परिसरातला झेब्रा शिंपला जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून इथे आला, १९८८ मध्ये तो सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि वर्षभरात एरीत पसरला. हा नखाएवढा शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो, आणि असे अब्जावधी शिंपले गाळू लागल्यावर पाणी झपाट्याने नितळ झाले. नितळ पाण्याचा मेफ्लायला कितपत फायदा झाला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कायद्याच्या बाजूच्या लोकांना हा पाहुणा गोष्टीत नकोसा वाटतो, तर सरकारी खर्चावर चिडणाऱ्यांना तो फारच सोयीचा वाटतो. शिंपल्याने इथल्या मूळच्या शिंपल्यांचा जवळजवळ नायनाट केला आणि पाणीपुरवठ्याच्या नळ्या तुंबवल्या, हेही विसरून चालणार नाही. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे आणि ह्युरॉन सरोवराच्या सॅगिनॉ बे या आखातांतूनही मेफ्लाय त्याच सुमारास गेले होते. शिंपला तिथेही पोहोचला, परंतु एरीसारखे पुनरागमन तिथे झाले नाही. तेव्हा एकट्या शिंपल्याच्या पदरात श्रेय टाकता येत नाही, एवढे तरी म्हणता येते.

आणखी एक गुंतागुंत आहे, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी अस्वस्थ झाले. पिल्ले चिखल खाऊन वाढतात, आणि त्या चिखलात डेट्रॉइट परिसरातल्या कारखान्यांनी दशकानुदशके सोडलेली पीसीबीसारखी न विरणारी विषारी रसायने अजून आहेत. कीटक उडतो तेव्हा ती रसायनेही पाण्याबाहेर निघतात, आणि पक्षी, कोळी, वटवाघळे यांच्या अंगात जातात. मेफ्लाय येणे हे चिखलात प्राणवायू असल्याचे लक्षण आहे, चिखल निर्मळ असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. ही दोन विधाने वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत सहज एकमेकांत मिसळतात. माशांना मात्र असल्या विवंचना नाहीत. हंगामात पर्च आणि वॉलआय पोटाला तडस लागेपर्यंत मेफ्लाय खातात आणि गळाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, त्यामुळे कोळी लोक कुरकुरतात आणि आपले आमिष बदलतात.

आता अलीकडची गोष्ट. हवामानाची रडारे कीटकांचे थवे टिपतात, हे वर आलेच. त्या नोंदींवरून थव्यातल्या कीटकांची संख्या काढण्याची रीत काही संशोधकांनी बसवली, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम एरी आणि वरची मिसिसिपी नदी या दोन ठिकाणी थव्याच्या एकाच उड्डाणात सुमारे ८,८०० कोटी मेफ्लाय बाहेर पडू शकतात, त्यांचे वजन ३,००० टनांहून अधिक भरते, असा अंदाज मांडला गेला. आकडा वाचून छाती दडपते. पण त्याच अभ्यासाचा खरा निष्कर्ष वेगळाच होता. २०१२ पासूनच्या काही वर्षांत ही संख्या निम्म्याहून अधिक घटली होती. संभाव्य कारणांत तापणारे पाणी, विषारी शेवाळ आणि शेतातून वाहून येणारी कीटकनाशके यांची नावे घेतली जातात.

हे शेवाळ मी फक्त वाचलेले नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडोच्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे शेवाळजन्य विष आढळले आणि सुमारे चार लाख लोकांना जवळजवळ तीन दिवस ते पाणी पिऊ नका, उकळूही नका, असे सांगण्यात आले. उकळल्याने विष नष्ट होत नाही, उलट दाट होते. आमच्या घरी सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर पाणी उकळून, गाळून, निवळून प्यायले होते. उकळूनही चालणार नाही असे पाणी असू शकते, हे त्यांना पटवून देताना माझी पुरेवाट झाली. दुकानांतून बाटल्या संपल्या तेव्हा आम्ही शेजारच्या राज्यातून पाणी आणले, जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या साठ्यांपैकी एकाच्या काठावर राहून.

या वेळचा फॉस्फरस साबणाचा नाही. तो मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या मका-सोयाबीनच्या शेतांतून येतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत या खोऱ्यात ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ नावाची अफाट दलदल होती, तिथे आलेल्या वसाहतकऱ्यांनी चर खणून आणि जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून ती आटवली, आणि ओहायोतली उत्तम काळी जमीन हाती आली. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकतात, तसलीच ही युक्ती, पण संपूर्ण खोरेभर पसरलेली. या नळ्यांतून पिकाला नको असलेले पाणी जाते, आणि सोबत पाण्यात विरघळलेला फॉस्फरसही जातो. पूर्वी जो फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून येई, तो धूप रोखून कमी करता आला. विरघळलेला फॉस्फरस मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून वाढत गेला, आणि शेवाळाला तो आयता मिळतो. हे कळले तेही टिफिनच्या त्याच हायडलबर्ग महाविद्यालयामुळे, कारण तिथल्या लोकांनी १९७० च्या दशकापासून या नद्यांचे पाणी नेमाने तपासून नोंदी ठेवल्या. मला या माणसांबद्दल आगीच्या बातम्या देणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आदर वाटतो.

दलदल होती तेव्हा ती सरोवरात जाणारे पाणी गाळून देत असे. आता ते काम सरोवराच्या चिखलाला आणि त्यातल्या पिल्लांना करावे लागते. वाऱ्याविना उन्हाळ्यातला एक आठवडा गेला की १९५३ चीच परिस्थिती पुन्हा तयार होते. तळाशी प्राणवायू उतरल्याच्या नोंदी पश्चिम भागात अधूनमधून येतच असतात.

अमेरिका आणि कॅनडा यांनी २०१६ मध्ये एरीच्या पश्चिम आणि मध्य भागांत जाणारा फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य स्वीकारले. ओहायो, मिशिगन आणि ओंटारियो यांनी त्यासाठी २०२५ ची मुदत घेतली होती, ती गाठता आलेली नाही. १९७० च्या दशकात हाताशी मोजकी सांडपाण्याची केंद्रे होती, त्यांच्या नळाच्या तोंडाशी नियम लावता आला. आता हजारो शेते आहेत, आणि त्यांच्यावर नियम लावण्याची राजकीय इच्छा कुठल्याच पक्षाकडे दिसत नाही. माझ्या मते यामागे एक साधी भौगोलिक अडचणही आहे. मॉमी नदी सुरू होते ती इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला, टोलेडोपासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. तिथल्या शेतकऱ्याच्या अंगणात एरीचा मेफ्लाय येत नाही, त्याच्या नळाला सरोवराचे पाणी नाही, आणि त्याने खताची मात्रा कमी केली तर त्याचे फळ त्याच्या डोळ्यांना कधी दिसणार नाही. ज्या गावांना ते दिसते, त्यांतले बरेच लोक त्या फळाला फावड्याने गटारात लोटत असतात.

ओहायोने २०१९ मध्ये ‘एचटूओहायो’ नावाची योजना काढली. तिच्यात खत जमिनीवर फेकण्याऐवजी मातीत खोचून देणाऱ्या, माती तपासूनच मात्रा ठरवणाऱ्या आणि पाणथळ जागा पुन्हा तयार करू देणाऱ्या शेतकऱ्यांना राज्य पैसे देते. शेतकरी मोठ्या संख्येने पुढे आले, कारण त्यात सक्ती नव्हती आणि मोबदला होता. ब्लॅक स्वॉम्पचे काही तुकडे पुन्हा पाण्याखाली गेले आहेत, त्यांतले एक-दोन मी पाहून आले, आणि तिथे बगळे होते, चतुरांची गर्दी होती. मात्र ओहायोचा अर्थसंकल्प दोन वर्षांचा असतो, चिखलातल्या पिल्लाचे आयुष्यही साधारण तेवढेच. त्यामुळे या योजनेचा निधी दर दोन वर्षांनी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो, आणि २०२५ मध्ये विधिमंडळाने त्याला मोठी कात्री लावली.